शेण आधी दाखवा

चार दिवस मुरुडात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पहाटे गोठ्यात गेलो तर अडीच महिन्यांची पारडी पाठीची कमान करून, शेपूट वर धरून कुंथत होती. पडत होती ती चमचाभर आव, आणि त्यात ताजं लाल रक्त. मागचे पाय, शेपटीचा गोंडा, सगळं माखलेलं. घरात जंताच्या औषधाची बाटली होती, ती अंदाजानं पाजली. दोन दिवसांनी परत पाजली. पाचव्या दिवशी पारडी गेली. पावसानं नेली, असं शेजारी म्हणाले. मला तसं म्हणवत नाही.

डॉक्टरांनी मागाहून समजावलं. रक्त आणि कुंथणं दिसलं तर बहुतेक वेळा ती रक्ती हगवण असते, म्हणजे कॉक्सिडिओसिस. हा जंत नव्हेच. आतड्याच्या अस्तरात वाढणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा परजीवी आहे. जंताचं औषध त्याला लागू पडत नाही. सल्फा गटातलं किंवा अँप्रोलियमसारखं औषध लागतं, तेही डॉक्टर ठरवतील त्या मात्रेत, आणि जोडीला अंगातलं पाणी भरून काढावं लागतं. तीन आठवडे ते सहा महिने वयाची वासरं याला जास्त बळी पडतात.

मूळ आहे ते ओलीत. शेणातून पडणाऱ्या याच्या पुटी लगेच बाधत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की दोन-तीन दिवसांत तयार होतात. म्हणून रोज दोन्ही वेळा शेण उचललं तर निम्मं काम तिथेच होतं. माझ्याकडे पागोळीचं पाणी गोठ्यात यायचं, खाली ओला पातेरा आणि त्यावरच टाकलेला चारा. फिनाईल मी मनापासून मारायचो, पण त्यानं या पुटी मरत नाहीत. त्या उकळत्या पाण्यानं, कोरड्यानं आणि कडक उन्हानं मरतात. आता पागोळीला पन्हळ लावली आहे, वासरांची जागा वीतभर उंच केली आहे, चारा गव्हाणीतच पडतो.

पुढच्या म्हशीच्या रेडकाचं दुखणं वेगळंच निघालं. वय तीन आठवडे, पोट सुटलेलं, राखाडी चिखलासारखी घाण वासाची हगवण. हा मात्र खरा जंत, लांबलचक गोलकृमी. आईच्या अंगात निपचित पडलेल्या त्याच्या अळ्या विण्याच्या सुमारास जाग्या होतात आणि दुधातून पिल्लात उतरतात. म्हणून चीक तोडायचा का? मुळीच नाही. चिकावाचून वासरू जगणं अवघड. त्याऐवजी दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्यानं पहिला डोस द्यायचा. म्हशीच्या पिल्लांसाठी तर ही तारीख मी भिंतीवर लिहून ठेवतो.

पावसाळा सरला की तिसरी भीती येते. विहूरपासून राजपुरीपर्यंत भाताच्या खाचरांत, पाणथळ बांधांवर गोगलगायी असतात, आणि त्यांच्यातून चपटकृमी गवतावर येतात. पातळ हगवण आणि जबड्याखाली पाण्यासारखी सूज दिसली की याचा संशय घ्यावा. गोलकृमीची नेहमीची औषधं इथे पुरी पडत नाहीत. लहान जनावरं त्या दिवसांत पाणथळीवर सोडू नयेत, हे उत्तम.

डोस वजनावर असतो आणि अंदाज बहुधा कमीच धरला जातो. टेप घ्या. छातीचा घेर इंचात मोजून त्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणा, मग खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि 660 नं भागा. घेर 30 आणि लांबी 28 असेल तर वजन साधारण 38 किलो. पाजताना डोकं फार उंच करू नका, जीभ ओढू नका. वासरू खोकलं की हात थांबवा, नाहीतर औषध फुफ्फुसात जातं.

आणि त्याआधी शेण दाखवा. जमिनीवरचं नको, हातमोजा घालून थेट गुदद्वारातून बोटभर काढायचं, झाकणाच्या डबीत घालायचं, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायचं. सूक्ष्मदर्शकाखाली काय आहे ते कळतं. डबीवर मी वासराचं वय दिवसांत लिहितो, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.