पाच वाजताचा टँकर

नुकताच सोसायटीचा सेक्रेटरी झालेला भाचा नोटिशीचा मसुदा घेऊन कोथरूडला आत्याकडे आला. आत्याची सगळी वकिली कामगार न्यायालयात गेली. आता गुडघ्यांमुळे ती घराबाहेर फारशी पडत नाही, पण कागद दिसला की चष्मा चढतोच.

भाचा : आत्या, एवढं नजरेखालून घाल ना. सोमवारी बोर्डावर लावायचंय.

आत्या : (वाचत) ‘पहाटे सहापूर्वी टँकर आणून रहिवाशांची झोपमोड केल्यास ड्रायव्हरकडून प्रत्येक वेळी ५०० रुपये दंड वसूल केला जाईल.’ वसूल कोण करणार? वॉचमन?

भाचा : हो, गेटवरच. तुला कल्पना नाही गं. सव्वापाचला रिव्हर्सचं पीं-पीं सुरू होतं, मग पाइप फरशीवर आपटतो, मग पंपाची घरघर. बी विंगचे काका रडकुंडीला आलेत. बायपास झालीय त्यांची.

आत्या : काकांचं चुकत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा, रात्री ४५ ची. रात्री तिथे हॉर्न वाजवायलाही बंदी आहे, अगदी आणीबाणीची वेळ सोडली तर.

भाचा : म्हणजे कायदा आमच्या बाजूने!

आत्या : काकांच्या बाजूने. तुझ्या पावतीपुस्तकाच्या नाही. तक्रार करायची ती पोलिसांकडे, नाहीतर नियमात नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. सोसायटीचे उपविधी सभासदांना बांधतात. ड्रायव्हर कुठल्या फ्लॅटचा सभासद आहे?

भाचा : मान्य. पण थोडा धाक नको का?

आत्या : धाकाचीच गोष्ट सांगते. अमेरिकेत अटलांटाला लागून सँडी स्प्रिंग्स नावाचं शहर आहे. तिथे कचरा उचलायची वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सात. २०१५ मध्ये एका कचरागाडीवाल्याने पहाटे पाच वाजून गेल्यावर लगेच काम सुरू केलं. काय शिक्षा झाली असेल?

भाचा : दंड. डॉलरमध्ये.

आत्या : तीस दिवस कैद. नोकरी जाऊ नये म्हणून ती शनिवार-रविवारी भोगायची. म्हणजे आठवडाभर लोकांचा कचरा उचलायचा आणि सुट्टीच्या दिवशी तुरुंगात जाऊन बसायचं. वकीलही नव्हता त्याच्याकडे. गुन्हा कबूल करून मोकळा झाला होता बिचारा.

भाचा : कचरा लवकर उचलला म्हणून तुरुंग?

आत्या : सरकारी वकिलाचं म्हणणं असं, की दंड करून कंपन्यांना काही फरक पडत नाही. तक्रारी थांबवायच्या तर तुरुंगच हवा.

भाचा : त्यात थोडं तथ्य आहे, नाही का? मोठ्या कंपनीला दंड म्हणजे किरकोळ खर्च.

आत्या : निदान बरोबर आहे रे, औषध भलत्याला पाजलं. दंड कंपनीला लागत नाही, तर तो लागेल इतका वाढवा, नाहीतर परवान्याला हात घाला. कंपनी गेंड्याच्या कातडीची म्हणून गाडीवाल्याला आत टाकायचं, हा कुठला न्याय? पुढे देशभर बोभाटा झाला, तेव्हा सरकारी वकिलानेच माघार घेतली. भोगली तेवढी शिक्षा पुरे झाली, उरलेल्या काळासाठी त्याला प्रोबेशनवर ठेवलं.

भाचा : पण आत्या, गाडी तर त्यानेच काढली ना?

आत्या : काढली. म्हणून समज द्या, दुसऱ्यांदा काढली तर दंडही करा, माझी ना नाही. पण शिक्षेआधी एक प्रश्न विचारायचा असतो : वेळ कोणी ठरवली? आपल्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात मुळात कलम १६ होतं. कंपनीकडून उल्लंघन झालं तर त्या वेळी कारभार ज्याच्या हातात होता तोही जबाबदार धरला जायचा. सुटायचं असेल तर आपल्याला माहीत नव्हतं, किंवा आपण पुरेपूर काळजी घेतली होती, हे त्याला दाखवावं लागायचं. आणि तिकडे दंड पुरत नाही म्हणून तुरुंग काढला, तर इथे उलटं झालंय. या कायद्यातली पाच वर्षांपर्यंतची कैद जाऊन २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंतचा दंड आलाय. कैद उरली ती हा दंड न भरणाऱ्यासाठी.

भाचा : मग असं करू. नोटीस टँकरमालकाला देतो. तो ड्रायव्हरच्या पगारातून कापून घेईल.

आत्या : (चष्मा काढून) फिरून तिथेच आलास! मालकालाही मनाला येईल तसा दंड कापता येत नाही, बाबा. आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकायचं, आणि त्या महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांवर दंड जाऊ द्यायचा नाही. कापलेला पैसासुद्धा मालकाच्या खिशात जात नाही, कामगारांच्याच हितासाठी वापरावा लागतो. पंधरा हजार पगार असेल तर महिन्याला साडेचारशे झाले. तुझा एका पहाटेचा दंडच पाचशे.

भाचा : तो दिवसा का येत नाही पण?

आत्या : त्याला विचारलंस कधी? दिवसा जड वाहनांना रस्ते बंद, आणि भरायच्या ठिकाणी रांग. हे दुखणं जुनंच आहे. सीझरच्या काळात रोममध्ये दिवसा मालवाहू गाड्यांना बंदी केली, तर त्या रात्री खडखडायला लागल्या. दीडशे वर्षांनी तिथला जुव्हेनल नावाचा कवी गाड्यांच्या आवाजाने झोप येत नाही म्हणून कुरकुरतोय. बरं, रात्री नऊला का नाही मागवत टँकर?

भाचा : तेव्हा पार्किंग भरलेलं असतं. टाकीच्या झाकणावरच दोन गाड्या लागतात. त्या हलवायला सांगितल्या की सभासद भांडायला येतात.

आत्या : त्या सभासदांना उपविधी लागू आहेत, नाही का?

भाचा : (गप्प)

आत्या : टँकरवाल्याला ऑर्डर कशी देता?

भाचा : दर महिन्याला पत्र जातं. थांब, मोबाइलमध्ये आहे.

आत्या : वाच मोठ्याने.

भाचा : ‘साडेसहापर्यंत वरची टाकी भरलेली असणे आवश्यक. तरी टँकर पहाटे साडेपाचच्या आत यावा. विलंब झाल्यास प्रत्येक खेपेमागे २०० रुपये बिलातून कापले जातील.’

आत्या : खाली सही कोणाची?

भाच्याने मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. सही त्याचीच होती.