पीयूसीत नापास? आधी गाडी गरम करा

प्रश्न : २००६ची पेट्रोल वॅगन आर पीयूसीत नापास झाली, कार्बन मोनॉक्साइड जास्त निघाला. इंजिन उघडावं लागेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : इतक्यात नाही. गाडी सुरू करून थेट कोपऱ्यावरच्या केंद्रात नेली, तर थंड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धड काम करत नाही. वीसेक मिनिटं पळवून, इंजिन गरम असतानाच तपासणी करून घ्यावी.

भारत स्टेज ३च्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्का आहे. तरीही आकडा चढलाच, तर मेकॅनिककडून स्पार्क प्लग काढून बघावेत. टोकावर कोरडी, काळी काजळी दिसली की समजावं, पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडतेय. अशा वेळी पुष्कळदा चोंदलेला एअर फिल्टर दोषी असतो, नाहीतर थकलेला ऑक्सिजन सेन्सर. टाकीत ओतायच्या 'जादूई' बाटल्यांवर मात्र पैसे घालवू नयेत.

या गाडीचं प्रमाणपत्र सहाच महिने चालतं. पुढची तारीख लिहून ठेवावी.