गैरहजर मूल आणि त्याचे घर

हजेरीपटावरील गैरहजेरीची खूण मूल आले नाही एवढेच सांगते. का आले नाही, हे सांगत नाही. ते कारण शोधणे आणि त्यातून मार्ग काढण्यास कुटुंबाला साहाय्य करणे, हे समाजकार्यातील व्यक्तिसहयोग कार्याचे प्रयोजन होय. मेरी रिचमंड या अमेरिकन विदुषीच्या ‘सोशल डायग्नोसिस’ (१९१७) या ग्रंथाने या कार्यास शास्त्रीय बैठक दिली. भारतात समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झाले. आज जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे कार्यकर्ते याच पद्धतीने काम करतात. ती पद्धत शिक्षकालाही उपयुक्त आहे.

समजा, ऊसतोडीस जाणाऱ्या एका जोडप्याची मुलगी सातवीत आहे. गेल्या हंगामात ती आजीजवळ राहून शिकली. यंदा आजी अंथरुणाला खिळली आहे आणि धाकटा भाऊ दहा महिन्यांचा आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली आहे. कोयता जोडीचा, म्हणून आईला मागे राहता येत नाही. दिवाळीनंतर मुलगीही टोळीबरोबर निघणार आहे. अशा घरी शिक्षणाचे महत्त्व सांगून काही साधत नाही. ते महत्त्व आईबापांना ठाऊक असते; बाळ कोण सांभाळणार, याचे उत्तर ठाऊक नसते.

पहिली पायरी : ऐकणे. कार्यकर्ता घरी जातो तो उपदेशासाठी नव्हे. आई, वडील, आजी यांचे म्हणणे तो ऐकतो. मुलीशी वेगळे बोलतो. तिला काय हवे, हे पुष्कळदा कोणी विचारलेलेच नसते.

दुसरी : नोंद. पाहिलेले आणि तर्काने मानलेले यांची गल्लत होऊ नये. ‘बाप बेफिकीर आहे’ हे मत झाले. ‘दोनदा बोलावूनही बाप शाळेत आला नाही’ ही नोंद झाली. त्या दिवशी तो उचलीच्या हिशेबाला गेला होता, हे घरी गेल्यावरच कळते.

तिसरी : योजना. कोणी, काय, केव्हापर्यंत करावयाचे, हे कुटुंबासह ठरते. हंगामी वसतिगृहाची सोय असल्यास मुख्याध्यापकांनी मुलीचे नाव नोंदवावे. रात्री तिने मावशीकडे राहावे. आजीस प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. टोळीतील लहानग्यांना एखाद्या वडीलधाऱ्या बाईने सांभाळावे, याविषयी मुकादमाशी आधीच बोलावे. बाळाची व्यवस्था झाल्यावाचून मुलीची शाळा टिकणार नाही, हे येथे ध्यानी घ्यावे.

चौथी : पाठपुरावा. योजना कागदावर झाली म्हणजे काम संपले असे नाही. मुलगी तरीही गेलीच, तर कारखान्याच्या परिसरातील शाळेशी संपर्क साधावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखला मिळण्यास उशीर झाला या कारणाने तिला प्रवेश नाकारता येत नाही. शाळेचा धागा तुटलेल्या मुलीचे लग्न लवकर उरकण्याकडे घरच्यांचा कल होतो, हे ऊसतोडीच्या गावांतील शिक्षकांना सांगावयास नको.

शिक्षकाने आपली मर्यादाही ओळखावी. मारहाण, अत्याचार किंवा बालविवाहाची शंका येताच प्रकरण गावातच मिटविण्याच्या भरीस पडू नये. १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर किंवा बालकल्याण समितीस विनाविलंब कळवावे. घरी ऐकलेली गोष्ट शिक्षक-खोलीतील गप्पांचा विषय होऊ नये. एकदा गमावलेला विश्वास त्या उंबरठ्यावर पुन्हा मिळत नाही.

अभ्यासासाठी

१. आपल्या वर्गातील सतत गैरहजर राहणाऱ्या एका मुलाविषयी पाहिलेल्या गोष्टी आणि स्वतःची मते निरनिराळ्या रकान्यांत लिहावीत.

२. त्या मुलाच्या घरची कोणती एक अडचण दूर झाल्यास ते उद्या शाळेत येऊ शकेल?