दुसरा हेडसेट : परदेशात विमान शिकणाऱ्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांसाठी

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातून नोकरी वा शिक्षणासाठी अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड येथे गेलेली काही मंडळी तेथे स्थिरस्थावर झाल्यावर खासगी वैमानिकाचा परवाना घेतात. मोबदला न घेता, स्वतःसाठी व आपल्या माणसांसाठी छोटे विमान चालवण्याची मुभा हा परवाना देतो. या पट्ट्यात वाढलेल्या माणसाचा छोट्या विमानाशी पूर्वपरिचय बहुधा नसतो. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धावपट्टी झाली खरी, पण आज तिचे नाव निघते ते जमिनीच्या वादामुळे. जुहूला १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याला चालते आणि इतर संस्था बारामती, नागपूर अशा लांबच्या गावी आहेत. त्यामुळे विमानासोबत लागणाऱ्या बारीकसारीक वस्तूंची माहिती घरी किंवा शेजारी मिळत नाही, ती परदेशात आधी गेलेल्या मराठी कुटुंबांकडूनच घ्यावी लागते. त्या कुटुंबांच्या अनुभवातून साठलेल्या माहितीपैकी येथे एकाच वस्तूचा विचार केला आहे : वैमानिकाच्या नेहमीच्या हेडसेटखेरीज जवळ बाळगायचा दुसरा, बेताच्या किमतीचा हेडसेट.

दोन्ही कान पूर्ण झाकणाऱ्या वाट्या, त्यांना जोडणारी डोक्यावरची पट्टी आणि ओठांपुढे येणारा दांडीवरचा माईक, एवढाच या वस्तूचा सरंजाम असतो. तिच्याद्वारे जमिनीवरच्या नियंत्रण कक्षाशी रेडिओवर बोलता येते, विमानातल्या विमानात इंटरकॉमवरून एकमेकांशी बोलता येते आणि कान शाबूत राहतात. जे. आर. डी. टाटांनी १९२९ साली भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला, त्या काळच्या उघड्या विमानांत शिक्षक व विद्यार्थी रबरी नळीतून एकमेकांशी बोलत. त्या मानाने आजच्या नवशिक्याची पुष्कळच सोय झाली आहे. शिकण्याच्या काळात प्रशिक्षकाचा हेडसेट त्याचा स्वतःचा असतो आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा, म्हणून दुसऱ्याची गरज लगेच भासत नाही. ती भासते परवाना हाती आल्यावर, सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या आईवडिलांना विमानात बसवण्याचा बेत ठरतो तेव्हा, किंवा ऐन निघायच्या वेळी नेहमीच्या हेडसेटचा माईक मुका होतो तेव्हा. क्लबच्या कपाटातील भाड्याचे हेडसेट ऐनवेळी मिळतात, परंतु त्यांच्या गाद्या अनेकांच्या घामाने कडक झालेल्या असतात, आणि तसा हेडसेट पहिल्यांदाच छोट्या विमानात बसणाऱ्या सत्तरीच्या माणसाच्या डोक्यावर चढवणे जुन्या मंडळींना पसंत नाही.

कान राखण्याचा मुद्दा वरवरचा नाही. एका इंजिनाच्या छोट्या विमानात आवाजाची पातळी साधारणपणे ८५ ते १०० डेसिबलच्या दरम्यान असते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यविषयक संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी ८ तास सुरक्षित मानला जातो आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ९४ डेसिबलला ती तासाभरावर येते. अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत ६ फुटांवरून, पाठ करून, साध्या आवाजातले बोलणे ऐकू आले तरी पुरते. परंतु पुढेमागे भारतात परतून व्यावसायिक परवाना घ्यायचा असेल, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, वर्ग १ ची तपासणी द्यावी लागते आणि तीत ऑडिओमेट्री, म्हणजे वेगवेगळ्या पट्टीच्या स्वरांनी प्रत्येक कान स्वतंत्रपणे तपासण्याची चाचणी, होते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ५००, १०००, २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त श्रवणऱ्हास चालत नाही. गोंगाटाने होणारी हानी ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यातच प्रथम दिसते आणि ती भरून येत नाही. परदेशी जाण्यापूर्वी ठाण्यात वा डोंबिवलीत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे ही चाचणी करून तिचा आलेख जपून ठेवला, तर पुढच्या प्रत्येक आलेखाशी ताडून पाहता येतो.

हेडसेटचे दोन प्रकार आहेत. पहिला साधा प्रकार केवळ वाट्यांच्या जाडीने व गाद्यांच्या दाबाने आवाज अडवतो. त्याची क्षमता चाचणीत २० ते २४ डेसिबलच्या आसपास भरते. दुसरा एएनआर नावाने ओळखला जातो. त्यात वाटीच्या आत एक छोटा माईक बसवलेला असतो, तो आत शिरलेला आवाज टिपतो आणि यंत्रणा त्याच आवाजाची उलटी लहर सोडून त्याला मारून टाकते. या युक्तीची गरज का पडली, हे साध्या गणिताने समजते : इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४० फेरे होतात आणि दोन पात्यांच्या पंख्यामुळे सेकंदाला ८० धक्के बसतात, म्हणजे ८० हर्ट्झची घरघर तयार होते, इतक्या खालच्या पट्टीचा आवाज फोम व प्लॅस्टिक यांना फारशी दाद देत नाही, उलटी लहर मात्र तेथेच सर्वांत प्रभावी ठरते. बंगाली वडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली झुरिकहून बॉस्टनला जाताना सुचली आणि त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा पहिला असा हेडसेट बाजारात आणला. आज बोसचा ए३० हजार डॉलरच्या बराच वर जातो.

दुसरा हेडसेट मात्र साध्या प्रकारचाच घ्यावा, याबद्दल जुन्या कुटुंबांत दुमत आढळत नाही, आणि त्यामागचे कारण किमतीपेक्षा स्वभावाचे आहे. दुसरा हेडसेट महिनोन्‌महिने कपाटात पडून असतो. एएनआरला बॅटरी लागते, ती ऐनवेळी उतरलेली निघते किंवा गळून आतला भाग खाते, तर साध्या हेडसेटला बिघडायला जागाच थोडी असते. स्वस्तातला एएनआर हा मधला मार्ग मोहात पाडणारा असला, तरी त्याच्या वाट्या मुळात हलक्या असल्याने बॅटरी संपल्यावर तो चांगल्या साध्या हेडसेटइतकाही आवाज अडवत नाही, हे बहुतेकांना उशिरा उमगते.

जोडणीच्या बाबतीत नवागताची फसगत सर्वांत जास्त होते. छोट्या विमानांत हेडसेटला दोन पिना असतात : ऐकण्याची जाड, पाव इंच व्यासाची, आणि माईकची तिच्याहून किंचित बारीक, ०.२०६ इंचाची. हेलिकॉप्टरच्या हेडसेटला एकच पिन असते, एअरबसमध्ये पाच खिळ्यांची गोल जोडणी असते, आणि लष्कराच्या मोडीतून आलेल्या हेडसेटचा विद्युत रोध, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा अडथळा, नागरी विमानाच्या शेकडो ओहमच्या तुलनेत फारच कमी असतो, त्यामुळे तो लावताच शेजारच्याचाही आवाज क्षीण होतो. याच कारणाने लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, संगीतासाठी उत्तम असलेला हेडफोन पिन बदलून येथे चालवता येत नाही. स्टिरिओ-मोनो खटका आहे की नाही हेही पाहावे. जुन्या विमानातील इंटरकॉम एकाच वाहिनीचा असतो आणि खटका नसलेला स्टिरिओ हेडसेट तेथे एका कानाने बहिरा राहतो.

माईककडे खरेदीत दुर्लक्ष होते, कारण प्रवाशाला टॉवरशी बोलायचे नसते, मग त्याचा माईक कसाही चालेल, असे वाटते. प्रत्यक्षात इंटरकॉममध्ये स्क्वेल्च नावाची सोय असते; ठरावीक पातळीपेक्षा मोठा आवाज आला की ती त्या माईकचे दार उघडते आणि तो आवाज सर्वांच्या कानात सोडते. गोंगाट गाळू न शकणारा माईक हे दार सतत उघडे ठेवतो आणि मागे बसलेल्या एका माणसामुळे वैमानिकाच्या कानात अखंड घोंगावणे सुरू राहते. चांगला माईक पुढून व मागून असा दोन्ही बाजूंनी आवाज घेऊन दोन्हीकडे सारखा असलेला गोंगाट वजा करतो. म्हणून त्याची बोलण्याची बाजू, जिच्यावर बहुधा खूण असते, ओठांकडेच हवी आणि अंतर बोटभराहून जास्त नको. आईवडिलांना ही गोष्ट घरीच, दिवाणखान्यात हेडसेट चढवून शिकवावी. हनुवटीखाली सरकलेला माईक हवेत गेल्यावर सुधारणे अवघड जाते.

बसण्याच्या बाबतीत चष्मा हा कळीचा प्रश्न आहे. जाड काडीमुळे गादी कानामागे किंचित उचलली जाते, आणि रुळांलगतच्या इमारतीत खिडकी बोटभर उघडी राहिली तरी लोकलचा खडखडाट घरभर होतो, त्याप्रमाणे तेवढ्या फटीतून वाटीचा बराचसा उपयोग वाया जातो. पातळ, सपाट काडीचा चष्मा आणि जेल भरलेल्या गाद्या यांनी हा दोष कमी होतो. जेलच्या गाद्या वेगळ्या विकत मिळतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या कानात वाटीखाली शिट्टी वाजू लागते, तेव्हा यंत्र काढून हेडसेटचा आवाज वाढवणे सोयीचे पडते, आणि त्यासाठी दोन्ही वाट्यांवर आवाजाची स्वतंत्र कळ असलेलाच नमुना निवडावा. लहान मुलांना मोठ्यांचा हेडसेट सैल होतो. त्यांच्यासाठी लहान मापाचे वेगळे नमुने मिळतात.

किमतीचा विचार करताना प्रत्येक डॉलर रुपयांत गुणून पाहण्याची नवागताची खोड येथे उपयोगी पडत नाही. तुलना विमानाच्या भाड्याशी करावी. अमेरिकेत सेसना १७२ चे तासाचे भाडे बहुतेक ठिकाणी १५० ते २०० डॉलर वा त्याहून अधिक असते, आणि एएसएचा एचएस-१ए, रग्ड एअरचा आरए२००, कोरे एव्हिएशनचा केए-१ यांसारखे साधे हेडसेट साधारण त्याच रकमेत येतात. डेव्हिड क्लार्क कंपनीचा हिरव्या वाट्यांचा एच१०-१३.४ नवा घेतल्यास याच्या दुपटीच्या आसपास जातो, पण जुना, वापरलेला घ्यायचा असेल तर तोच शोधावा, कारण त्याची गादी, डोक्यावरची उशी, वायर, माईक हे सर्व भाग सुटे मिळतात आणि साध्या स्क्रूड्रायव्हरने बदलता येतात. वापरलेला हेडसेट पाहताना तो विमानात जोडून, इंजिन चालू ठेवून ऐकावा. वायर पिनेजवळ आणि वाटीजवळ हळूच वाकवावी, खरखर झाली किंवा आवाज तुटला तर आतली तार तुटत आली आहे असे समजावे. गाद्यांना भेगा असतील तर तेवढ्याने सौदा मोडू नये, नव्या गाद्यांची किंमत मात्र वजा करून मागावी. वापरलेला एएनआर, हमीची मुदत संपलेली असल्यास, घेऊच नये.

प्रमाणपत्राबद्दलही विचारणा होते. काही हेडसेट अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या टीएसओ या तांत्रिक मानकाला उतरलेले असतात, परंतु खासगी उड्डाणासाठी तसाच हेडसेट वापरण्याची तेथे सक्ती नाही. भारतात परतल्यावर धुळे-बारामतीकडच्या प्रशिक्षण-विमानांतही हीच दोन पिनांची जोडणी भेटते, त्यामुळे वस्तू वाया जात नाही. मूळ बिल सोबत ठेवावे आणि महाराष्ट्रातील उन्हाळ्याचा घाम लक्षात घेऊन गाद्यांवर चढवायचे धुण्याजोगे सुती अभ्रे आणावेत.

या सर्व खर्चाला एक वरची मर्यादा घालून ठेवणे बरे. गाद्या व अभ्रे धरून अडीचशे डॉलरच्या पुढे जावे लागत असेल, तर तो दुसरा हेडसेट घेऊ नये. तीच रक्कम पहिल्यात घालून तो चांगला घ्यावा आणि जुना पहिला पाहुण्यांसाठी ठेवावा.