घरी बांधलेली मोटारसायकल

सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे नावाचे एक गाव आहे. कै. यशवंतराव चव्हाण यांचे हे जन्मगाव. इ. स. २०२१ च्या अखेरीस हे गाव एका वेगळ्याच कारणाने सर्व देशाला परिचित झाले. तेथील लोहारकाम करणारे गृहस्थ श्री. दत्तात्रय लोहार यांनी आपल्या मुलाची हौस पुरविण्यासाठी भंगारातील भाग जमवून एक चिमुकली चारचाकी गाडी तयार केली. तिला सुमारे साठ हजार रुपये खर्च आला. गाडी दिसावयास जीपसारखी. परंतु ती सुरू करावयाची मात्र मोटारसायकलप्रमाणे किक मारून! त्यांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. पण लोखंडाचा स्वभाव त्यांच्या हातांना ठाऊक होता. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती श्री. आनंद महिंद्रा यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले. मात्र त्याच वेळी त्यांनी हेही सांगितले की, ही गाडी नियमांत बसणारी नसल्यामुळे आज ना उद्या अधिकारी तिला रस्त्यावर मज्जाव करतील. म्हणून त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देण्याची तयारी त्यांनी दर्शविली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही.

या एकाच हकिकतीत आजच्या आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू आलेल्या आहेत. घरी यंत्र घडविणाऱ्याचे कौशल्य ही एक बाजू आणि ते यंत्र रस्त्यावर आणण्याची जबाबदारी ही दुसरी. प्रस्तुत लेखात घरी लहान मोटारसायकल बांधणे व तिची नीट जुळणी करणे या कामाचा दोन्ही बाजूंनी विचार करावयाचा आहे.

मी कलाशाखेची पदवीधर. वर्गात मराठी आणि इतिहास शिकविते. मग मी यंत्रावर का लिहावे, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, माझे माहेर गोव्यातले असून माझे वडील तेथे मोटारसायकल-पायलट होते. गोव्यात पिवळ्या-काळ्या रंगाच्या मोटारसायकली भाड्याने उतारू नेतात. त्या चालविणाऱ्यांना पायलट म्हणतात. दर रविवारी वडील अंगणात गाडी लावीत, प्लग काढून त्याचा रंग पाहत आणि आम्हां भावंडांना म्हणत, "इंजिन उलयता, तूं आयक." म्हणजे, इंजिन बोलत असते, तू ऐक. पोटापाण्याचे साधन असलेल्या यंत्राकडे कसे पाहावे, हे मी तेव्हा शिकले.

थोडा इतिहास

मोटारसायकलीचा जन्मच मुळी घराच्या आवारात झाला. जर्मनीतील कानश्टाट येथे गॉटलिब डाइमलर व विल्हेल्म मायबाख या दोघांनी डाइमलरच्या बागेतील काचघरात कार्यशाळा थाटली आणि १८८५ मध्ये लाकडी सांगाड्यात २६४ घन सेंटिमीटरांचे, अवघ्या अर्ध्या अश्वशक्तीचे इंजिन बसवून पहिली पेट्रोलवर चालणारी दुचाकी तयार केली. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सोइचिरो होंडा यांनी १९४६ मध्ये सैन्याच्या बिनतारी यंत्रांना वीज पुरविणारी शिल्लक राहिलेली लहान इंजिने मिळविली व ती साध्या सायकलींना जोडली. ही जोडणी करताना पेट्रोलची टाकी म्हणून त्यांनी शेकण्याची पाण्याची पिशवी वापरली होती!

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरणही कमी बोलके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगाव येथील सायकलींच्या दुकानातून झाला. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. हे ठिकाण व देवराष्ट्रे ही दोन्ही आज एकाच सांगली जिल्ह्यात आहेत, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चिकाटीचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र न्यूझीलंडमधील बर्ट मन्रो (१८९९–१९७८) याचे होय. त्याच्यापाशी १९२० साली बनलेली अमेरिकन 'इंडियन स्काउट' गाडी होती. मुळात ती ताशी ५५ मैलांच्या आसपास धावे. मन्रोने घरच्या शेडमध्ये जुन्या डब्यांचे साचे करून तिचे दट्टे स्वतः ओतले, आणि पुष्कळ वर्षे खपून इंजिन ६०० वरून ९५० घन सेंटिमीटरांपर्यंत वाढविले. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिल येथील मिठागराच्या सपाट मैदानावर त्याने ताशी १८४ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर, वेगाचा विक्रम केला. त्याच्या शेडमधील एका फळीवर तुटलेले दट्टे व दांडे मांडून ठेवलेले असत. वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य, असे तो त्यांना म्हणे. आपले अपयश लपवून न ठेवता फळीवर मांडणारा हा मनुष्य विद्यार्थ्यांनी अवश्य आठवावा.

इंजिनाचे माप

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. लहान इंजिन हाती आले की प्रथम ते मोजावे. नळकांड्याचा व्यास ५ सेंटिमीटर व दट्ट्याची धाव ४.९५ सेंटिमीटर असेल, तर वृत्तचितीच्या सूत्राने घनफळ ०.७८५४ × ५ × ५ × ४.९५, म्हणजे सुमारे ९७.२ घन सेंटिमीटर येते. बाजारात 'शंभर सीसी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाडीचे हे खरे माप होय.

दट्टा सर्वांत वर गेल्यावर त्याच्या माथ्यावर जी जागा उरते, ती समजा १२.१५ घन सेंटिमीटर आहे. तर खाली असताना एकूण जागा १०९.३५ आणि वर असताना १२.१५, भागाकार ९. यालाच संपीडन-गुणोत्तर म्हणतात. हौशी मिस्त्री हेड घासून ही जागा कमी करतात. ती १० वर आणली तर गुणोत्तर १०.७ होते व जोर वाढतो. परंतु उष्णताही वाढते आणि मिश्रण वेळेआधीच भडकून इंजिन ठोके देऊ लागते. तात्पर्य, वाढविलेल्या जोराची किंमत इंजिनाच्या आयुष्यातून द्यावी लागते.

हवा, पेट्रोल आणि ठिणगी

पेट्रोल पूर्ण जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे काम कार्बोरेटर करतो. प्रमाण साधले की नाही, हे प्लग सांगतो. त्याचे टोक बिस्किटाच्या रंगाचे असेल तर मिश्रण योग्य. काळी काजळी धरली असेल तर पेट्रोल अधिक. पांढरेफटक दिसले तर पेट्रोल कमी पडून इंजिन अति तापत आहे, असे समजावे. शेवटची अवस्था सर्वांत धोक्याची. कारण तिच्यात दट्टा वितळण्याचाही संभव असतो.

ठिणगी दट्टा अगदी वर पोहोचण्याच्या किंचित आधी पडावी लागते. कारण ज्वाला पसरण्यास क्षणाचा अवकाश लागतो. झडपांचे म्हणजे व्हॉल्व्हचे टॅपेट फीलर गेजच्या पातळ पत्तीने, इंजिन थंड असताना, निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे लावावेत. येथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा हिशेब असतो. जुळणी करताना एक नियम कटाक्षाने पाळावा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदल वहीत लिहावा आणि मगच दुसरीला हात लावावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशाने झाली हे कळत नाही आणि बिघाड कशाने झाला हेही कळत नाही.

दातांचे गणित

इंजिनाकडील चक्रास १४ दात व मागील चाकाकडील चक्रास ४२ दात असतील, तर गुणोत्तर ३ झाले. इंजिनाच्या आतील दंतचक्रांचे गुणोत्तरही ३ मानू, एकूण ९. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर चाक सुमारे ५५५ फेरे घेईल. चाकाचा परीघ १.८ मीटर धरला तर मिनिटाला १००० मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेग झाला. पुढच्या चक्राचा एकच दात वाढविला, म्हणजे १५ केला, तर हाच वेग ताशी ६४ किलोमीटरांच्या वर जातो. परंतु चाकावरील ओढ पंधरा भागांतून एक भागाने घटते व चढावर गाडी धापा टाकू लागते. निसर्ग काहीही फुकट देत नाही, हे त्रैराशिकाने सिद्ध होते.

एक चूक

येथे एक प्रसंग सांगणे मला कर्तव्य वाटते. आपल्याच शाळेतील दोन विद्यार्थ्यांनी कबाड्याच्या दुकानातून जुने लहान इंजिन आणले व साध्या सायकलीच्या सांगाड्यावर बसविले. त्यांपैकी एक जण गणितात सतत मागे पडणारा. शाळा सोडून गॅरेजमध्ये कामाला लागण्याच्या विचारात होता. इंजिन पहिल्या दिवशी सुरू झाले तेव्हा त्याच्या मुद्रेवरील तेज पाहून मला इतका आनंद झाला की, मी वर्गात दोघांची मुक्तकंठाने स्तुती केली. सांगाडा मात्र मी पाहिलाच नाही. "मॅडम, आता हायवेवर नेऊन पाहतो, काही होत नाही जी," असे तो म्हणाला. माझ्या तोंडून होकार जवळजवळ निघालाच होता. नागपूर–बैतूल महामार्गावर मालमोटारींची रांग कशी अखंड चालते, हे पांढुर्ण्यात राहणाऱ्या कोणास सांगावयास नको.

सुदैवाने आधी शाळेच्या मैदानावर चाचणी घ्यावयाचे ठरले. मुलगा गाडीवर बसला आणि माणसाच्या चालीने वीस पावले गेला असेल नसेल, तोच पुढच्या चिमट्याचे त्यांनी स्वतः केलेले वेल्डिंग तडकले व चाक वाकडे झाले. गुडघा खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. महामार्गावर हेच घडले असते तर? मी इंजिनाचा आवाज ऐकला होता. सांगाडा, ब्रेक आणि रस्ता यांचे बोलणे ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी फळ्यावर हिशेब मांडला. गाडी व स्वार मिळून १०० किलोग्रॅम धरले, तर ताशी २० किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा सुमारे १५४० ज्यूल आणि ४० किलोमीटरला सुमारे ६१७० ज्यूल. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. आणि तितकाच ब्रेक दाबला तर थांबण्याचे अंतरही चौपट. सायकलीचे रबरी ब्रेक व बारीक नळ्यांचा सांगाडा हा भार वाहण्यासाठी घडविलेलेच नसतात. गणितात मागे पडणारा तो मुलगा या हिशेबाजवळ बराच वेळ उभा राहिला. नंतर म्हणाला, "मॅडम, हे वर्गाचं सूत्र आधी असं कोणी सांगितलंच नव्हतं."

कायद्याची बाजू

कायदा याच हिशेबावर उभा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही. कलम ५२ प्रमाणे नोंदलेल्या वाहनात निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. ५० घन सेंटिमीटरांपर्यंतच्या मोटारसायकलीसाठी १६ वर्षे व इतर खासगी (बिगर-व्यावसायिक) वाहनांसाठी १८ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे हौस मुलाची आणि शिक्षा बापाला!

मग घरी बांधलेल्या यंत्राचे करावयाचे काय? आमच्या विद्यार्थ्यांनी त्याचे उत्तर शोधले. इंजिन, साखळी व मागचे चाक त्यांनी लाकडी घोडीवर पक्के बसविले आणि विज्ञान-प्रदर्शनात ते यंत्र मोकळ्या हवेत, साखळीवर जाळी लावून, चालवून दाखविले. पुढील चक्र बदलून चाकाचे फेरे मोजले. वहीतील आकडे व प्रत्यक्ष आकडे ताडून पाहिले. तडकलेला चिमटा त्यांनी फेकला नाही. माझ्या सांगण्यावरून तो यंत्राशेजारीच मांडला आणि खाली वेल्डिंग का सुटले त्याचे कारण लिहिले. संत्र्याच्या बागेत फवारणीयंत्र चालविणारे शेतकरी पालक त्याच चिमट्यापाशी अधिक वेळ थांबत होते.

तो मुलगा अद्याप शाळेत आहे. गणितात त्याला फार मोठे यश मिळाले असे मी म्हणणार नाही. परंतु तो आता उत्तीर्ण होतो आणि दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाण्याचा विचार बोलून दाखवितो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या हातांना तेलाचा वास लागला तर त्याची लाज बाळगू नका. यंत्र उघडा, मोजा, पुन्हा जोडा. चुकले तर चूक वहीत लिहून ठेवा. देवराष्ट्र्याच्या लोहारांनी जे केले ते करावयास हात हवेत, आणि ते हात तुमच्यापाशी आहेत. मात्र रस्ता आपल्या एकट्याचा नसतो. त्यावर कोणाची आई बाजाराला निघालेली असते, कोणाचा धाकटा भाऊ शाळेला निघालेला असतो. म्हणून गती देण्याआधी थांबविण्याची सोय करा, आणि जे यंत्र तुम्हांला भरवशाने थांबविता येत नाही, ते रस्त्यावर नेऊ नका.