परसात मांडव घालायचा, पण कशाचा?

बंगल्यामागे दहा बाय दहाची मोकळी जागा असली की उन्हाळा लागताच पर्गोल्याची हौस येते. मोबाइलवर फोटो बघून डिझाइन ठरतं, ॲडव्हान्स दिला जातो आणि वेल कुठला लावायचा हा विचार सगळं उभं राहिल्यावर. हा क्रम उलटा करा, खर्च तिथेच कमी होतो.

कारण नुसत्या पट्ट्यांची सावली जवळजवळ पडतच नाही. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दुपारी, तेरा इंचांवर एक, अशा उभ्या बसवलेल्या दोन बाय एकच्या पट्ट्यांखाली तेरा इंचांत फक्त इंचभर सावली मिळते. पट्ट्या दक्षिणोत्तर टाकल्या तर चारच्या उन्हात ती तीन-साडेतीन इंच होते, म्हणून दिशा तीच ठेवा. फोटोतल्यासारख्या दाट पट्ट्या लावल्या तर लोखंड दुप्पट लागतं. ते काम वेल फुकट करतो. वेल वर पसरेपर्यंत शेडनेट ताणा, पण वादळी वाऱ्याआधी उतरवा, नाहीतर त्याचं शीड होतं.

कारली, दोडका, घेवडा असे एका हंगामाचे वेल असतील तर बांबू पुरे. दक्षिण कोकणात आणि आजरा-चंदगडकडे मिळणारा माणगा जवळजवळ भरीव असतो, काटे नसतात, मांडवाला त्याच्यासारखा बांबू नाही. पंधरा-सोळा काठ्या, सुंभ, तार धरून अडीच-साडेतीन हजारांत काम होतं. अडचण एकच. मातीत रोवलेला बांबू दोन पावसाळ्यांत बुडाशी कुजतो. बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया भुंगेऱ्यापासून वाचवते, पण ती पावसात धुऊन जाते, ओल्या मातीत तर टिकतच नाही. म्हणून काँक्रीटमध्ये लोखंडी तुकडा गाडून त्याला काठी वरच्यावर बांधा.

मधुमालती, बोगनवेल, द्राक्ष असले वेल वर्षानुवर्षं वाढतात, आणि पावसात भिजले की वजन वाढतं ते वेगळंच. वर वारा. इथे लोखंडच घ्या, आणि मापाकडे जरा बारीक लक्ष द्या. बाजारात ‘वीस फुटी’ म्हणून मिळणारा पाइप बहुतेक ठिकाणी सहा मीटरचा, म्हणजे १९ फूट ८ इंच असतो. मांडव ९ फूट १० इंच चौरस आखलात तर प्रत्येक पाइपचे बरोबर दोन तुकडे होतात, भंगार शून्य. बारा फुटांचा हट्ट धरलात तर एका पाइपमधून एकच तुकडा निघतो आणि पावणेआठ फुटांचा उरलेला तुकडा कोपऱ्यात गंजत पडतो.

हिशेब असा. चार खांब आणि चार तुळयांना दोन बाय दोनचे, २ मिमी जाडीचे चार पाइप. आठ वाशांना दोन बाय एकचे, १.६ मिमीचे चार. वजन साधारण ११५ किलो. किलोला ७० रुपये धरले तर आठ हजारांच्या आसपास. दोन गोणी सिमेंट, वाळू-खडी, रेड ऑक्साइड आणि ऑइलपेंट यांना अडीच-तीन हजार, वेल्डरची दोन दिवसांची मजुरी तीन हजार. साडेतेरा-चौदा हजारांत मांडव उभा. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक हलतात, तेव्हा आधी किलोचा दर विचारा आणि पाइप काट्यावर ठेवायला सांगा. दोन बाय दोनचा २ मिमीचा सहा मीटर पाइप साधारण १८ किलो भरतो. साडेचौदा भरला तर तो १.६ मिमीचा आहे, दुकानदार काहीही म्हणो.

खड्डे, काँक्रीट आणि रंग स्वतः करा. वेल्डिंग वेल्डरला करू द्या. काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर आणि खांबापासून उतार देऊन घ्या, नाहीतर पाणी नेमकं तिथेच साचतं. प्रत्येक पाइपचं उघडं तोंड पत्र्याने बंद करा, कारण गंज आतून सुरू होतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप घेतलात तर वेल्डिंगला जस्त जळून त्याचा विषारी धूर होतो. काम उघड्यावर व्हावं आणि सांध्यांवर झिंकचा रंग लागावा.

साग दिसतो देखणा. एवढ्याच मांडवाला दहाएक घनफूट लागतो, वखारीत घनफुटाला तीन हजार धरले तरी तीस हजार, सुताराची मजुरी वेगळी. पाडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूड स्वस्त पडतं, फक्त जुने खिळे उपटायची तयारी हवी. आणि ‘शेतात साग आहेच की’ म्हणणाऱ्यांना एक आठवण: स्वतःच्या जमिनीतला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही. बांबू मात्र २०१७च्या दुरुस्तीने वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला आहे.

वर पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकायचा असेल तर तो मांडव राहत नाही, छप्पर होतं. वारा ते खालून उचलायला बघतो, आणि सोसायटी किंवा महापालिकेला आधी विचारावं लागतं.

मांडव मार्चमध्ये उभा करा, वेल जूनमध्ये लावा. भाड्याच्या घरात असाल तर बांबू, स्वतःच्या असाल तर दोन बाय दोनचा पाइप. सागाचे पैसे वाचले तर त्यात खाली बसायला चांगला बाक घ्या.