परभूमीतील अपहरण आणि दुभाष्याची भाषा : ‘द ग्रीक इंटरप्रिटर’

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर आपणांस
• अपहरणकथेत परक्या देशाचे कार्य काय असते, हे सांगता येईल;
• भाषा हे शोधाचे साधन कसे होते, हे स्पष्ट करता येईल;
• गुप्तहेराच्या अपयशाचा अर्थ लावता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आर्थर कॉनन डॉयल यांची ही कथा १८९३ मध्ये ‘स्ट्रँड मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली. खासगी गुप्तहेर शेरलॉक होम्स याचा थोरला बंधू मायक्रॉफ्ट वाचकांना प्रथम भेटतो तो याच कथेत. तथापि, आपण येथे लक्ष केंद्रित करणार आहोत ते मेलास या दुभाष्यावर.

विवेचन

पॉल क्रॅटिडीस हा अथेन्सचा रहिवासी बहिणीच्या काळजीने लंडनला येतो आणि मालमत्तेच्या लोभाने त्याला कोंडून ठेवले जाते. त्याला इंग्रजी येत नाही. त्याला कोंडणाऱ्यांना ग्रीक येत नाही. म्हणून कागदांवर सही करण्यासाठी त्याच्यावर दबाव आणताना त्यांना दुभाष्याची गरज भासते. खिडक्यांना कागद लावलेल्या बग्गीतून ते मेलासला रात्री अज्ञात घरी नेतात. बंदिवानाच्या चेहऱ्यावर चिकटपट्ट्या आहेत, तोंडही बंद आहे. तो पाटीवर उत्तरे लिहितो.

कथेचे मर्म येथे आहे. मेलास प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा एक छोटा प्रश्न जोडू लागतो. आरंभी तो निरुपद्रवी प्रश्न विचारून पाहतो. समोरच्यांना काहीच कळत नाही, अशी खात्री पटल्यावरच तो बंदिवानाचे नाव, गाव आणि अवस्था विचारतो. तो तीन आठवडे तेथे आहे व त्याची उपासमार होत आहे, हे अशा रीतीने उघड होते.

आता विचार करा : दुभाष्याचा धर्म म्हणजे मूळ बोलण्याशी निष्ठा. मेलास ती मोडतो; परंतु ती पाळली असती, तर तो अत्याचाराचे केवळ साधन ठरला असता. बंदिवानाला भिंतींइतकेच त्याच्या भाषेच्या एकटेपणानेही कोंडले आहे. ते कवच प्रथम भेदतो तो मेलास. होम्सचे काम त्यानंतर सुरू होते.

होम्सला यश मात्र अपुरे मिळते. बहिणीची हकिगत ऐकण्यापेक्षा भावाचा जीव मोलाचा, हे त्याला कळते. तरीही घरात शिरण्यासाठी लागणारी कायदेशीर पूर्तता होईपर्यंत तासाहून अधिक वेळ जातो. दरम्यान मेलासलाही पुन्हा पळवून नेलेले असते. बेकनहॅमच्या घरी पोहोचल्यावर कोळशाच्या विषारी धुराने भरलेल्या खोलीत दोघे सापडतात. मेलास वाचतो, क्रॅटिडीस दगावतो आणि गुन्हेगार निसटतात. पुढे बुडापेस्टहून एका स्त्रीसोबत प्रवास करणाऱ्या दोन इंग्रजांच्या मृत्यूची बातमी येते. पोलीस त्याला आपसांतील भांडण मानतात. होम्सला त्यात बहिणीने घेतलेला सूड दिसतो. लेखक निर्णय देत नाही.

सारांश

रहस्य उलगडणे आणि माणूस वाचवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ही कथा दाखवते. परक्या देशात माणसाचे ऐकून घेणारा कोणी भेटणे, हीच त्याच्या सुटकेची पहिली पायरी असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मेलासने आरंभी निरुपद्रवी प्रश्न का विचारले?
२. ‘मेलासची अप्रामाणिकता हीच त्याची नैतिकता आहे.’ या विधानाची साधकबाधक चर्चा करा.